ओकारीचा भयगंड : स्वरूप, कारणमीमांसा आणि उपचार

प्रस्तावना

घाट चढणाऱ्या एस.टी.मध्ये खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशाच्या हाती लिंबू किंवा आलेपाकाची वडी असणे, हे महाराष्ट्रातील प्रवासाचे जुने दृश्य आहे. 'मला गाडी लागते' असे सांगणाऱ्या व्यक्तीला सहप्रवासी खिडकीची जागा देतात, कोणी प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. ओकारी झाली, चूळ भरली, तोंडावर पाणी मारले की प्रसंग संपतो. घाटमाथ्यावर गाडी थांबली तर तीच व्यक्ती चहाही घेते. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत हा प्रसंग असा संपत नाही. तो घडण्याच्या कितीतरी आधी मनात सुरू झालेला असतो आणि पुष्कळदा प्रत्यक्षात एकदाही न घडता वर्षानुवर्षे चालू राहतो. ओकारी होईल या भीतीने अशा व्यक्ती प्रवास, सार्वजनिक ठिकाणचे भोजन, औषधे, क्वचित मातृत्वही नाकारतात.

एक कल्पित परंतु प्रातिनिधिक उदाहरण घेता येईल. कला शाखेच्या द्वितीय वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी वर्गात नेहमी दाराजवळच्या बाकावर बसते. उपाहारगृहात ती मैत्रिणींबरोबर जाते, पण काही खात नाही. परीक्षेच्या दिवशी ती उपाशीपोटी येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरासाठी तिने दोन वेळा नाव दिले आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी 'घरी अडचण आहे' असे कळविले. वेरूळच्या सहलीचे पैसे भरूनही ती आली नाही. शिक्षकांच्या लेखी ती हुशार, पण निरुत्साही आणि काहीशी खोटे बोलणारी मुलगी ठरते. प्रत्यक्षात इयत्ता सहावीत असताना प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर तिला उलटी झाली होती. त्यानंतर आजतागायत तिला एकदाही उलटी झालेली नाही. तरीही तिच्या दिवसाची आखणी त्या एका शक्यतेभोवती होते. प्रस्तुत लेखात या भयगंडाचे स्वरूप, त्यामागील शारीरिक व मानसिक प्रक्रिया आणि उपचारांची दिशा यांचा विचार केला आहे.

संज्ञा आणि वर्गीकरण

या अवस्थेसाठी मानसशास्त्रात 'इमेटोफोबिया' ही संज्ञा रूढ आहे. ओकणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद आणि भयवाचक 'फोबोस' यांपासून ती बनली आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत तिचा समावेश 'विशिष्ट भयगंड' या विकारात केलेला आहे. प्राणी, नैसर्गिक परिस्थिती, रक्त व इंजेक्शन, बंदिस्त जागा अशा ठळक उपप्रकारांत ती बसत नसल्याने 'इतर' या उपप्रकारात, गुदमरणे किंवा ओकारी होणे यांची भीती म्हणून, तिची नोंद होते. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असणे, ती सर्वसाधारणपणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकणे आणि तिच्यामुळे शिक्षण, व्यवसाय वा नातेसंबंध यांत लक्षणीय अडथळा येणे, या निदानाच्या महत्त्वाच्या अटी होत. केवळ ओकारीची किळस वाटणे म्हणजे भयगंड नव्हे. किळस जवळजवळ सर्वांनाच वाटते.

हा भेद न पाळल्यास प्रमाणाविषयीचे आकडे गोंधळात टाकतात. व्हॅन हाउट आणि बाउमन यांनी नेदरलँड्समध्ये केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८.८ टक्के लोकांनी ओकारीची भीती असल्याचे सांगितले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे चौपट होते. याउलट जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तरुण स्त्रियांच्या रीतसर निदानात्मक मुलाखतींवर आधारलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आढळले. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. भीती वाटणारे अनेक असतात, भीतीने आयुष्य व्यापले गेलेले थोडे. शिवाय संकोचामुळे ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतेच असे नाही. ज्या विषयाचा उच्चारही जेवणाच्या पंक्तीत निषिद्ध मानला जातो, त्याविषयीची भीती बोलून दाखविणे सोपे नसते.

मराठी भाषेने या अनुभवाच्या छटा बारकाईने टिपल्या आहेत, याचा येथे उल्लेख केला पाहिजे. मळमळ ही केवळ संवेदना होय. उमासा म्हणजे घशापर्यंत येऊन परतणारा आवेग. ओकारी, उलटी किंवा वांती ही प्रत्यक्ष क्रिया होय. शिवाय पोटात ढवळणे, तोंडाला पाणी सुटणे, शिसारी येणे, कोरड्या ओकाऱ्या होणे ही सर्व भिन्न आहेत. भयगंडाने ग्रस्त व्यक्तीच्या मनात मात्र या पायऱ्यांमधील अंतर नाहीसे झालेले असते. पोटात किंचित ढवळले की तिच्या दृष्टीने ओकारी झालीच. उपचारांत पुढे जे पुन्हा शिकवावे लागते, ते सामान्य बोलण्यात प्रत्येक मराठी माणूस नकळत पाळत असतो.

भारतीय वैद्यकपरंपरेतील स्थान

आयुर्वेदात ओकारीला 'छर्दि' म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मल, मूत्र, शिंक, जांभई, अश्रू यांच्या जोडीला छर्दीचाही समावेश आहे. चिकित्सास्थानातील छर्दिप्रकरणात तिचे पाच प्रकार मानले असून त्यांतील पाचवा विशेष लक्षणीय आहे. नावडत्या, किळसवाण्या वस्तूंच्या दर्शनाने, गंधाने वा संपर्काने मन दुखावून होणारी ती ओकारी होय. तिच्या चिकित्सेत मनाला अनुकूल बोलणे, धीर देणे, आनंद देणाऱ्या गोष्टी योजणे यांस स्थान दिले आहे. ओकारीचे मूळ मनातही असू शकते, ही जाणीव या परंपरेत किती जुनी आहे, हे त्यावरून दिसून येते. पंचकर्मांतील वमन आणि हठयोगातील वमनधौती यांत तर ओकारी हे शुद्धीचे साधनच मानले गेले आहे.

तथापि परंपरेने ओकारीला उपकारक मानले म्हणून त्या परंपरेत वाढलेल्या व्यक्तीला तिची भीती वाटणार नाही, असे अनुमान काढता येत नाही. तसेच 'एकदा वमन करून घेतले की भीती जाईल' असा सल्ला काही वेळा सद्हेतूने दिला जातो, तो या भयगंडावरचा उपचार म्हणून योग्य नव्हे. त्याची कारणे पुढे येतील.

ओकारीची शरीरक्रिया

ओकारी ही शरीराची संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचे नियमन मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत होते. पूर्वी तेथे एकच 'वांतिकेंद्र' असल्याचे मानले जाई. आता ते एका ठिकाणचे केंद्र नसून परस्परांशी जोडलेल्या चेतापेशींचे जाळे असल्याचे मानले जाते. या जाळ्याकडे चार वाटांनी संदेश येतात. जठर व आतड्यांतील क्षोभ व्हेगस चेतेमार्फत कळतो. सेरोटोनिन हे रसायन त्यात महत्त्वाचे असल्याने त्याच्या ग्राहकांना अडविणारे ऑनडॅन्सेट्रॉन ओकारीवर गुणकारी ठरते. रक्तातील विषद्रव्यांची चाहूल चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाला लागते. मेंदूचे रक्तापासून संरक्षण करणारा पडदा तेथे विरळ असतो. बोरिसन आणि वँग या संशोधकांनी १९५० च्या दशकात या भागाचे कार्य स्पष्ट केले. तिसरी वाट अंतःकर्णातील तोलाच्या इंद्रियाची. घाटातील वळणांवर गाडी लागते ती याच वाटेने. चौथी वाट मेंदूच्या वरच्या भागांची, म्हणजे गंध, दृश्य, स्मृती आणि भीती यांची होय.

प्रत्यक्ष क्रियेपूर्वी लाळ सुटते, घाम येतो, चेहरा फिका पडतो. त्यानंतर खोल श्वास घेतला जातो, श्वासमार्गाचे द्वार मिटते, श्वासपटल व पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि जठरातील द्रव्य बाहेर फेकले जाते. श्वासमार्गाचे द्वार मिटणे ही बाब या संदर्भात महत्त्वाची आहे, कारण 'ओकताना श्वास अडकून मृत्यू येईल' ही अनेकांची भीती असते. शुद्धीवर असलेल्या निरोगी व्यक्तीच्या शरीराने त्याची तरतूद आधीच केलेली असते. उंदराला ओकता येत नाही. विषारी अन्न पोटात गेल्यावर ते परत फेकण्याची सोय त्याला नाही. माणसाला ती आहे, आणि जिची भीती वाटते ती क्रिया मुळात विषबाधेपासून वाचविणारी आहे.

भयगंडाचे सारे मर्म चौथ्या वाटेत आहे. भीती वाटली की अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, पोटाकडील रक्तपुरवठा घटतो, तोंड कोरडे पडते, घशात आवंढा दाटल्यासारखे वाटते. या सर्वांचा एकत्रित अनुभव मळमळीसारखाच असतो. म्हणजे मळमळ खरी असते, कल्पित नव्हे. मात्र तिचे कारण बिघडलेले अन्न नसून भीती हेच असते. 'तुला काही होत नाही, उगाच मनाचे खेळ आहेत' असे म्हणणारे नातलग येथे चुकतात, आणि 'पोटात खरोखर ढवळते आहे, म्हणजे ओकारी होणारच' असे मानणारी व्यक्तीही चुकते.

भीती कशी जडते आणि का टिकते

वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये 'छोट्या अल्बर्ट'वर केलेल्या, आजच्या नैतिक निकषांवर अमान्य ठरणाऱ्या प्रयोगातून भीती अभिसंधानाने जडते हे दाखविले. ओकारीच्या भयगंडातही बालपणातील एखादा प्रसंग अनेकदा आढळतो. भीतीची सुरुवात बहुधा बालपणी किंवा कुमारवयातच झालेली असते. मात्र प्रत्येक वेळी स्वतःची ओकारीच कारणीभूत असते असे नाही. आजारी भावंडाला रात्री ओकताना पाहणे, त्या वेळी घरातील मोठ्यांची उडालेली धांदल, वर्गातील हशा किंवा 'आधी सांगता येत नव्हते का?' हे खेकसणे यांपैकी काहीही पुरते. गार्शिया आणि कोलिंग यांच्या १९६६ मधील प्रयोगांनी चव आणि मळमळ यांचा संबंध विलक्षण वेगाने जुळतो हे सिद्ध केले. एकदा पावभाजीनंतर उलटी झाली, तर दोष विषाणूचा असला तरी आयुष्यभर नको होते ती पावभाजी.

तथापि भीती जडण्यापेक्षा ती टिकते कशी, हा प्रश्न उपचारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९४७ मध्ये मावरर यांनी मांडलेला द्विघटक सिद्धांत येथे उपयोगी पडतो. भीती अभिसंधानाने निर्माण होते आणि टाळण्याच्या वर्तनाने पोसली जाते. वर उल्लेखिलेली विद्यार्थिनी सहलीला न जाण्याचे ठरविते त्या क्षणी तिला मोठे हायसे वाटते. हे हायसे वाटणेच टाळण्याला बक्षीस ठरते. शिवाय, गेली असती तरी बहुधा काहीच झाले नसते, आणि झाले असते तरी ते निभावले असते, हे शिकण्याची संधी ती गमावते.

उघड टाळण्याइतकेच छुपे सुरक्षा-वर्तनही घातक असते. सतत पाण्याची बाटली जवळ बाळगणे, पुड्याच्या वेष्टनावरील तारीख पुनःपुन्हा तपासणे, अन्न गरजेपेक्षा जास्त शिजविणे, हात वारंवार धुणे, इतरांचे चेहरे फिके पडले आहेत का हे न्याहाळणे, पर्समध्ये ओकारीरोधक गोळी ठेवणे आणि जवळच्या माणसाला दिवसातून दहादा 'मला काही होणार नाही ना?' असे विचारणे, ही त्याची नित्याची रूपे होत. दिवस निर्विघ्न पार पडला की श्रेय गोळीला मिळते, शरीराला मिळत नाही. प्रारंभी उल्लेखिलेले लिंबूसुद्धा, ज्याला खरोखर गाडी लागते त्याच्या हातात साधा उपाय असते आणि भयगंडग्रस्ताच्या हातात सुरक्षा-वर्तन. वस्तू तीच असली तरी ती बाळगण्यामागचे कारण निराळे असते.

डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये भीतीच्या झटक्यांविषयी जी उपपत्ती मांडली, तिच्या धर्तीवर बॉशेन यांनी २००७ मध्ये या भयगंडाचे बोधात्मक प्रारूप सुचविले. शरीरातील साध्या संवेदनेकडे सतत लक्ष, तिचा विपरीत अर्थ, त्यातून चिंता, चिंतेतून मळमळ आणि मळमळीतून पहिल्या समजुतीला पुष्टी, असे हे चक्र आहे. सतत पोटाकडे कान लावून बसणाऱ्यास पोटातून काही ना काही ऐकू येणारच.

या भीतीचा गाभा सर्वांत सारखा नसतो, ही बाब उपलब्ध लेखनात काहीशी दुर्लक्षित राहिलेली दिसते. कोणाला स्वतःवरील नियंत्रण सुटण्याची धास्ती असते, कोणाला चारचौघांत शोभा होण्याची, कोणाला गुदमरण्याची, तर कोणाला ती संवेदना अनंतकाळ चालेल अशी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या भाषेत सांगायचे तर 'मला ओकारी होऊ नये' ही इच्छा रास्त आहे. 'ती कदापि होताच कामा नये आणि झाली तर मला ते मुळीच सहन होणार नाही' हा हट्ट मात्र विकाराचे मूळ होय. ओकारी अप्रिय आहे याविषयी कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो 'असह्य' या शब्दाशी.

टाळण्याची किंमत

या भयगंडाची किंमत सर्वांत आधी ताटात मोजली जाते. बाहेरचे अन्न वर्ज्य होते, मग मांसाहार, मग दूध, मग शिळे म्हणून सकाळची पोळीसुद्धा. काही व्यक्तींचा आहार पाच-सहा 'निर्धोक' पदार्थांवर येऊन ठेपतो आणि वजन घटते. प्रवास बंद झाल्याने नोकरीची संधी हुकते. लहान मुले केव्हाही ओकतात, म्हणून बालवाडी व प्राथमिक शिक्षणाचे क्षेत्र टाळले जाते. परिचर्या आणि वैद्यक यांचा तर विचारही होत नाही. प्रतिजैविकांनी मळमळेल म्हणून औषधांचा क्रम अर्धवट सोडला जातो, भूल दिल्यानंतर ओकारी होते असे ऐकून आवश्यक शस्त्रक्रिया लांबविली जाते.

सर्वांत मोठी किंमत स्त्रियांना मोजावी लागते. मराठी आणि हिंदी चित्रपटांत नायिकेने तोंडावर हात धरून मोरीकडे धावणे हा गरोदरपणाचा ठरलेला संकेत आहे. सासू हसते, डोहाळजेवणाची तयारी सुरू होते. ज्या स्त्रीला हा भयगंड आहे, तिला हेच दृश्य धमकीसारखे वाटते. गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीत बहुसंख्य स्त्रियांना मळमळ होते हे तिला ठाऊक असते. मूल हवे असूनही ती गर्भधारणा पुढे ढकलत राहते. 'गोड बातमी केव्हा?' या प्रश्नाला तिच्यापाशी सांगता येण्याजोगे उत्तर नसते, कारण खरे उत्तर हास्यास्पद ठरेल अशी तिला खात्री असते. आई झालेल्या स्त्रीचे दुःख आणखी निराळे. रात्री ओकणाऱ्या मुलाला नवऱ्याच्या किंवा सासूच्या हवाली करून दुसऱ्या खोलीत कानांत बोटे घालून बसलेली आई स्वतःला निष्ठुर ठरविते. तिच्यात माया कमी असते असे नाही, पण भीती त्या क्षणी मायेवर मात करते.

निदानातील गफलती

घटते वजन आणि न जेवणे पाहून ही व्यक्ती अॅनोरेक्सिया या आहारविकाराची रुग्ण समजली जाण्याचा संभव असतो. सतत हात धुणे पाहून मंत्रचळाचे, बसमधील घाबरगुंडीवरून भीतीच्या झटक्यांचे आणि पोटाच्या तक्रारींवरून आतड्याच्या विकाराचे निदान होऊ शकते. यांपैकी काही विकार सोबतही असू शकतात. परंतु एक साधा प्रश्न बराच उलगडा करतो : 'जेवल्यावर नेमके काय होईल असे वाटते?' वजन वाढेल, हे उत्तर एका दिशेला नेते आणि ओकारी होईल, हे दुसऱ्या. अर्थात मळमळ वारंवार होत असेल तर आम्लपित्त, अर्धशिशी, औषधांचे दुष्परिणाम इत्यादी शारीरिक कारणांची तपासणी वैद्याकडून एकदा नीट करून घेणे आवश्यकच आहे. एकदा हा शब्द महत्त्वाचा. तीच तपासणी दर महिन्याला करविणे हेही सुरक्षा-वर्तनच होय.

भीतीची तीव्रता मोजण्यासाठी २०१३ मध्ये दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील एक इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड व्हील आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. अशा साधनांचा मराठीत उपयोग करताना शब्दशः अनुवाद पुरेसा ठरणार नाही. मळमळ, उमासा आणि ओकारी यांसाठी वेगवेगळी विधाने योजली नाहीत, तर मापनात गल्लत होईल.

उपचार

बोधात्मक वर्तनोपचार हा या भयगंडावरील सर्वाधिक अभ्यासलेला उपचार होय. त्याविषयीचे पुरावे आशादायक असले तरी ते अद्याप मर्यादित आहेत. व्हील यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक नियंत्रित चाचणीत २४ व्यक्ती होत्या, त्यांपैकी २३ स्त्रिया. अर्ध्या व्यक्तींना बारा सत्रांचा उपचार मिळाला, अर्ध्या प्रतीक्षायादीत राहिल्या. उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्या व्यक्तींत चिकित्सेच्या दृष्टीने लक्षणीय सुधारणा झाली, प्रतीक्षा करणाऱ्या बारांपैकी दोघींत. यावरून उपचार उपयुक्त आहे असे म्हणता येते. तो सर्वांना पुरतो असे मात्र म्हणता येत नाही. उरलेल्या निम्म्यांचे काय, हा प्रश्न गंभीर आहे.

उपचारांचा आरंभ समजावून सांगण्याने होतो. वर वर्णिलेले चक्र रुग्णाच्या स्वतःच्या उदाहरणावरून कागदावर काढले जाते. समस्या 'ओकारी होण्याची' आहे की 'ओकारी होईल या चिंतेची', या दोन पर्यायांपैकी कोणता अनुभवाशी अधिक जुळतो, हे पडताळले जाते. बालपणातील प्रसंगाची प्रतिमा अजून ताजी असल्यास ती मनात पुन्हा उभी करून तिचा अर्थ बदलण्याचे तंत्रही वापरतात. प्रार्थनेच्या रांगेतील त्या बारा वर्षांच्या मुलीजवळ कल्पनेत आजची प्रौढ मुलगी जाऊन उभी राहते, तिला पाणी देते आणि हसणाऱ्यांना गप्प करते.

यानंतरचा मुख्य भाग म्हणजे क्रमाने सामोरे जाणे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये एका बालकाची सशाची भीती हळूहळू घालविली आणि जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मधील ग्रंथात या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. ओकारीच्या भयगंडात ही शिडी फार खालून सुरू करावी लागते. अनेकांना तो शब्दही लिहिता येत नाही. म्हणून प्रथम वहीत 'ओकारी' हा शब्द लिहिणे, मग मोठ्याने वाचणे, व्यंगचित्र पाहणे, आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकणे, चित्रपटातील दृश्य पाहणे अशा पायऱ्या येतात. पुढे ताक, शिजलेला साबुदाणा आणि चिमूटभर हळद कालवून बनविलेले मिश्रण तोंडात घेऊन मोरीत थुंकणे हा प्रयोग येतो. तो ऐकताना हास्यास्पद वाटतो, करताना नाही. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून मुद्दाम गरगरल्यासारखे करून घेणे आणि ती संवेदना काही न करता विरू देणे, हाही महत्त्वाचा सराव होय. याच्या जोडीने पाण्याची बाटली, गोळी, दाराजवळची जागा ही सुरक्षा-वर्तने एकेक करून सोडावी लागतात. ती तशीच ठेवून केलेला सराव पोहण्याच्या नळ्यासह पोहण्यासारखा असतो.

प्रत्यक्ष ओकारी घडवून आणणे मात्र सहसा सुचविले जात नाही. पुन्हापुन्हा ओकणे शरीराला अपायकारक आहे. एकदाच घडविल्यास 'या वेळी सुटले' एवढाच निष्कर्ष निघतो, आणि असह्य अनुभव आला तर भीती वाढते. शिवाय भयगंडाचा विषय ओकारीपेक्षा तिची अनिश्चितता हा अधिक असतो. आयुष्यात पुन्हा कधी ना कधी ओकारी होणार आहे, ती केव्हा हे ठाऊक नाही, आणि तरीही आज जेवायचे आहे, एवढे स्वीकारणे हे उपचाराचे खरे साध्य.

मिशेल क्रॅस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ मधील मांडणीनुसार सामोरे जाण्याने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवे शिक्षण उभे राहते. म्हणूनच सराव एकाच खोलीत न करता घर, बस, उपाहारगृह, परगाव अशा विविध ठिकाणी करावा लागतो. पोटाच्या साध्या तापानंतर किंवा प्रसूतीनंतर भीतीने पुन्हा डोके वर काढले, तर उपचार फुकट गेला असे समजण्याचे कारण नाही. सराव पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तो पहिल्यापेक्षा लवकर फळतो.

औषधांविषयी थोडक्यात सांगायचे तर केवळ या भयगंडासाठी सिद्ध झालेले असे औषध नाही. सोबत तीव्र चिंता वा नैराश्य असल्यास मनोविकारतज्ज्ञ सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे देतात. त्यांनी पहिल्या काही दिवसांत मळमळ होऊ शकते. ही पूर्वकल्पना न दिल्यास अशी व्यक्ती दुसऱ्याच दिवशी औषध बंद करते.

महाविद्यालय आणि हा भयगंड

महाविद्यालयीन शिक्षक उपचारक नव्हेत, आणि त्यांनी तसे होऊ नये. तथापि वारंवार आदल्या दिवशी माघार घेणारा, उपाशी राहणारा, दाराजवळची जागा न सोडणारा विद्यार्थी त्यांच्याच दृष्टीस प्रथम पडतो. अशा विद्यार्थ्याला एकांतात, वर्गासमोर नव्हे, विचारता येते. येथे दोन टोके टाळावी लागतात. 'शिबिर सक्तीचे आहे, यावेच लागेल' हे एक टोक. तयारीविना केलेली सक्ती भीती वाढविते. 'बरे, तू येऊ नकोस' ही सरसकट सूट हे दुसरे, आणि दिसायला दयाळू असल्यामुळे अधिक फसवे. मधला मार्ग म्हणजे समुपदेशकाच्या सल्ल्याने ठरविलेली, मुदत घातलेली सवलत. या सत्रात दाराजवळची जागा, पुढील सत्रात मधली. या वर्षी तालुक्याच्या गावापर्यंतची क्षेत्रभेट, पुढील वर्षी मुक्कामी शिबिर.

ज्या महाविद्यालयात समुपदेशक नाही, तेथे १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विद्यार्थ्यांस सांगता येतो. तेथे मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळविण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, ही माहितीही सूचनाफलकावर असण्यास हरकत नसावी.

सहलीच्या संमतिपत्रात 'प्रवासात काही त्रास होतो का?' हा प्रश्न सर्वांनाच विचारला गेल्यास कोणा एकीला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही. गाडी सुटण्यापूर्वी अशी विद्यार्थिनी बहुधा जवळ येऊन विचारते, 'सर, नक्की काही होणार नाही ना?' या क्षणी 'छे, काही होणार नाही' असे म्हणण्याचा मोह होतो. त्या आश्वासनाचा परिणाम अर्धा तास टिकतो आणि पहिल्या वळणावर प्रश्न पुन्हा येतो. त्याऐवजी 'होईल की नाही ते कोणालाच सांगता येत नाही. झालेच तर गाडी थांबवू, तू चूळ भर, मग पुढे जाऊ' एवढे शांतपणे सांगितले, तर तिला प्रथमच कोणीतरी खरे उत्तर दिलेले असते, आणि बसमध्ये चढायचे की नाही हे तिला त्या उत्तरासह ठरविता येते.